सव्वीस आठवड्यांची नोकरी

शुक्रवारी दुपारी चादरींचा शेवटचा गठ्ठा बांधून झाला, तेव्हा मुकादमबाई तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. शेजारी कोण उभं आहे ते तिला श्वासावरून कळायचं. मुकादमबाईंना दमा होता. त्यांचा श्वास किटलीसारखा बारीक शीळ घालायचा.

“बोला की,” ती म्हणाली. “गठ्ठा कमी भरला का?”

“गठ्ठा बरोबर आहे. सोमवारपासून तू यायचं नाहीस. ठेकेदाराचा निरोप आलाय. मलाही आत्ताच कळलं.”

हातातल्या उशीच्या खोळीची तिने नीट चौघडी केली, कडा जुळवल्या, वरून तळवा फिरवला आणि बाकीच्या खोळींवर ठेवली. मग विचारलं, “आज किती आठवडे झाले?”

मुकादमबाईंनी भिंतीवरच्या हजेरीपत्रकाकडे जाऊन मोजलं. “सव्वीस पूर्ण.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीवरची काठी चाचपून उठली.

मोठ्या इस्पितळाच्या तळघरातली ती लाँड्री. धुण्याची पाच यंत्रं, तीन ड्रायर, चादरी दाबून काढणारा एक लांब गरम रोलर, आणि टोकाला घडीचं टेबल. त्या टेबलावर ती बसायची, म्हणून सगळे तिला घडीताई म्हणायचे. वय अडतीस. एकोणिसाव्या वर्षापासून नजर कमी होत गेली आणि आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच तिला कळायचं. पण बोटं अशी तयार झाली होती, की चादर घडी घालता घालता कुठे शिवण उसवली आहे, कुठे कापड विरलं आहे आणि उद्या कुठे फाटेल, ते तिला आज कळायचं. तसली चादर ती डावीकडच्या टोपलीत टाकायची. डोळस बायका फाटकी चादर खुशाल इस्त्री करून वर पाठवायच्या, कारण वाफेत आणि घाईत बघायला वेळ कुणाला असतो.

तिला या कामावर लावलं होतं एका संस्थेनं. अपंगांना नोकरी मिळवून देणं हेच त्या संस्थेचं काम, आणि त्याचे पैसे सरकार टप्प्याटप्प्याने द्यायचं. उमेदवाराची नोंदणी झाली की काही, नोकरी लागली की काही, तेरा आठवडे टिकली की आणखी, आणि सव्वीस आठवडे टिकली की शेवटचा, सगळ्यात मोठा हप्ता. नोकरी देणाऱ्यालाही गोडी लागावी म्हणून पहिले सव्वीस आठवडे निम्मा पगार सरकार परत करायचं. सत्ताविसाव्या आठवड्याला काय होतं याबद्दल नियम गप्प होते. घडीताईला मात्र ते पाठ होतं, कारण ही तिची चौथी खेप होती. पहिल्यांदा औषधांच्या खोक्यांत माहितीची चिठ्ठी सरकवायचं काम, सव्वीस आठवडे. मग एका वाहतूक कंपनीत फोन घ्यायचं काम, सव्वीस आठवडे. मग मेणबत्त्या गुंडाळायचं, सत्तावीस, कारण मधे मालकाच्या घरी लग्न होतं आणि तिला काढायचं राहून गेलं.

घरी ती वडील, भाऊ आणि वहिनीबरोबर राहायची. जेवताना तिने सांगितलं तेव्हा भावाने घास ताटातच ठेवला. वहिनी म्हणाली, “होईल काहीतरी. मागच्या वेळी झालंच की.” वहिनीच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते “झालंच की” तिला झोंबलं.

“वहिनी, दर सहा महिन्यांनी तुम्हाला या घरातून काढून शेजारच्या घरात सून म्हणून पाठवलं, तर चालेल का? घर मिळालंच की.”

वडील खो खो हसले आणि मग हसल्याबद्दल ओशाळले. ते चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत होते. लोकांच्या चुका काढण्यात जन्म गेला आणि आता फक्त कुटुंबाच्या चुका उरल्या, असं ते स्वतःच म्हणायचे.

सोमवारी सकाळी फोन आला. संस्थेचा समन्वयक होता. त्याच्या आवाजात कायम साखर. “ताई, गोड बातमी आहे. तुमचे सव्वीस आठवडे यशस्वी झाले. अभिनंदन.”

“मला काढलं आहे.”

“हो, म्हणजे, ते यशस्वी होऊन मग. आता चार आठवडे थांबायचं आणि तुमची नवीन नोंदणी करू. नवीन उमेदवार म्हणून. एका कुरिअर कंपनीत जागा आहे, तुमच्यासाठीच धरून ठेवली आहे.”

“मी नवीन कशी? पाच वर्षं तुमच्याकडे येते आहे.”

“कागदावर ताई, कागदावर,” तो समजुतीने म्हणाला. “चार आठवड्यांनी माणूस नवीन होतो.”

तिने फोन ठेवला आणि बराच वेळ हात मांडीवर दाबून बसली. नोकरी गेल्याचा राग तिला तीनदा येऊन गेला होता. तो तिच्या ओळखीचा होता. हा वेगळा होता. ती निकामी आहे म्हणून तिला काढत नव्हते. ती कामाची होती म्हणूनच दर सहा महिन्यांनी पुन्हा विकता येत होती.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेत गेली. बसस्टॉपपासून एकशे चाळीस पावलं, मग तीन पायऱ्या. रॅम्पही होता, पण त्याच्या तोंडाशी समन्वयकाची स्कूटर उभी असायची. संचालक मॅडमनी तिला खुर्ची ओढून दिली, पाण्याचा पेला हातात दिला. मागच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर तुझाच फोटो आहे, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

“मला माझी फाइल हवी आहे,” ती म्हणाली.

मॅडम जराशा थबकल्या. “फाइल कशाला?”

“नियमात आहे ना? उमेदवाराला स्वतःची फाइल बघायचा हक्क आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच वाचून दाखवलं होतंत.”

“आहे. पण तू ती,” मॅडमचं वाक्य अडलं.

“बघणार कशी? ते माझं मी बघेन.”

फाइलची छायाप्रत आठ दिवसांनी मिळाली. रविवारी दुपारी वडिलांनी चष्मा पुसला, पेन्सिल कानावर ठेवली आणि खिडकीपाशी बसून वाचायला सुरुवात केली. जुन्या सवयीप्रमाणे ते विरामचिन्हांसकट वाचत.

“‘कार्यस्थळी सहाय्य’,” त्यांनी वाचलं. मग थांबले. “साहाय्य. ‘सा’ला काना हवा. एक काना द्यायचा होता, तोही यांनी दिला नाही.”

“पुढे वाचा, बाबा.”

“‘दिनांक चार. उमेदवारास कार्यस्थळी भेट. प्रगती समाधानकारक.’ पूर्णविराम. ‘दिनांक अकरा. भेट. प्रगती समाधानकारक. दिनांक अठरा.’ अगं, हे सगळं एकच वाक्य आहे. छापखान्यात याला आम्ही खिळा अडकला म्हणायचो.” त्यांनी पानं उलटत मोजलं. “सव्वीस आठवड्यांत चोवीस भेटी.”

“तो दोनदा आला होता. पहिल्या दिवशी मला सोडायला आणि एकदा फोटो काढायला.”

“आणि हे ऐक. ‘उमेदवाराच्या सुरक्षिततेसाठी कार्यस्थळी आवश्यक बदल करण्यात आले.’ हे काय?”

तिने डावं मनगट पुढे केलं. तिथे चार बोटं लांबीचा गुळगुळीत डाग होता. दुसऱ्याच दिवशी गरम रोलरच्या कडेला हात लागला होता. टेबल आणि रोलरच्या मधे कठडा बसवायचा, ट्रॉल्यांना हाताला कळतील अशा खुणा करायच्या, हे सगळं संस्थेने करायचं होतं. त्याचे वेगळे पैसे मिळत. कठडा शेवटी लाँड्रीच्या मेकॅनिकने भंगारातल्या पलंगाचा दांडा कापून बसवला. खुणा तिने आणि मुकादमबाईंनी केल्या. सुतळीच्या गाठी बांधल्या. एक गाठ शस्त्रक्रियागृहाची, दोन गाठी बाळंतिणींची, तीन लहान मुलांची.

“ते बदल म्हणजे हा दांडा आणि त्या गाठी,” ती म्हणाली.

वडिलांनी बोट पानावरून खाली नेलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, “प्रत्येक भेटीपुढे सही आहे. कामाच्या ठिकाणच्या जबाबदार व्यक्तीची.”

“खोटी असेल.”

“खोटी वाटत नाही. चोवीसही सारख्या आहेत आणि शाईही एकच. एका बैठकीत केलेल्या आहेत.” त्यांनी सहीखालचा हुद्दा वाचला. मुकादम, धुलाई विभाग.

ती त्या रात्री फारशी जेवली नाही. साखरेच्या आवाजाच्या माणसाने फसवलं याचं तिला नवल नव्हतं. पण मुकादमबाईंनी तिच्या मनगटाला मलम लावलं होतं. त्यांच्या डब्यातलं तिने खाल्लं होतं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ती लाँड्रीत पोचली. यंत्रं थांबलेली होती, ब्लीचचा वास होता. मुकादमबाई बाकावर बसल्या होत्या. तिला बघून त्या आनंदाने उठल्या. तिने कागद पुढे धरला.

“ही सही तुमची का?”

श्वासाची शीळ वाढली. कागद हलल्याचा आवाज आला.

“माझी आहे,” मुकादमबाई म्हणाल्या. “तो फोटोच्या दिवशी आला होता बघ. वरून शस्त्रक्रियांचे कपडे आले होते, ड्रायर बंद पडला होता. म्हणाला, बाई, तुमच्या घडीताईचे कागद आहेत, सह्या करा, नाहीतर तिचं काम अडेल. तुझं काम अडेल म्हणाला, म्हणून मी केल्या. वाचलं नाही.”

“चोवीस वेळा केल्यात.”

“चोवीस वेळा केल्या. तुझ्यासाठी म्हणून.”

“माझ्यासाठी काही करायचं असेल तर वाचून करायचं होतंत, बाई. मला वाचता येत नाही. तुम्हाला येतं.”

मुकादमबाईंचा श्वास तुटक येऊ लागला. त्या रडताहेत की दम लागला आहे ते तिला कळेना, आणि त्या क्षणी तिला ते कळून घ्यायचंही नव्हतं. काठी टेकत ती बाहेर पडली. जिन्याशी मागून आवाज आला, “लिहून देते. चोवीस खोट्या आहेत असं माझ्या हाताने लिहून देते. माझी नोकरी गेली तर जाऊ दे.”

“आधी दम खा,” ती वळून म्हणाली. “मग लिहा.”

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा साखरेचा फोन. संस्थेची तपासणी होती. दर तीन वर्षांनी सरकारचा तपासनीस येई, सेवा दर्जाच्या मानकांप्रमाणे चालते का ते बघे, आणि प्रमाणपत्र पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवी. प्रमाणपत्र नसेल तर पैसे बंद. काही उमेदवारांना तपासनिसाशी बोलायला बोलावलं जाई, आणि कुणाला बोलवायचं ते संस्थाच ठरवी.

“तुम्ही छान बोलता ताई,” समन्वयक म्हणाला. “दोन शब्द चांगले सांगा. कुरिअरवाल्याला मी सांगून ठेवलंय, पुढच्या सोमवारपासून तुम्ही तिकडे.”

“येईन,” ती म्हणाली.

त्या दिवशी रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर नव्हती. आत फरशी पुसल्याचा वास होता. भिंतीला खुर्च्या लावून सहा-सात उमेदवार बसवले होते. तिच्या शेजारी एक पॅकर होता, एका हाताचा. तो कुजबुजला की त्याची ही सहावी खेप आहे. तुझी कितवी, असं त्याने विचारलं. चौथी, असं तिने सांगितलं. “म्हणजे लहान आहेस अजून,” तो म्हणाला.

तपासनीस एका खोलीत एकेकाला बोलावत होता. आवाजावरून पन्नाशीचा वाटला, थकलेला. त्याने छापील प्रश्न वाचले.

“संस्थेत तुम्हाला आदराने वागवलं जातं का?”

“हो. खुर्ची देतात, पाणी देतात.”

पेनाने टिक केली. “तुमच्या आवडीनिवडी विचारात घेऊन काम दिलं गेलं का?”

“घडीचं काम मला आवडायचं. म्हणूनच ते सुटल्याचं दुःख आहे.”

“हो की नाही?”

“हो.”

टिक. “तक्रार कुठे करायची हे तुम्हाला सांगितलं आहे का?”

“सांगितलं आहे. म्हणून तर तुमच्यापुढे बसले आहे.” तिने पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. “साहेब, तुमच्या यादीत नसलेला एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. पाच वर्षांत मी चार वेळा यशस्वी झाले. चारही वेळा संस्थेला शेवटपर्यंतचे सगळे हप्ते मिळाले. आज माझ्याकडे नोकरी नाही. तर यश कुणाचं?”

“हे बघा, निधीचे नियम माझ्याकडे येत नाहीत. मी फक्त दर्जा तपासतो.”

“आणि निधीवाले दर्जा तपासत नाहीत. म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना कधी भेटतच नाही का?”

तो हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. तिने चोवीस भेटींबद्दल सांगितलं, मनगट दाखवलं, मुकादमबाईंच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी दिली. तो लिहीत होता. पेनाचा आवाज फार लवकर थांबला.

“काय लिहिलंत ते वाचून दाखवा,” ती म्हणाली.

त्याने वाचलं. “‘उमेदवाराने सेवेच्या सातत्याबाबत काही अपेक्षा व्यक्त केल्या.’”

 आवाज तिने चढवला नाही. “मी अपेक्षा व्यक्त केलेली नाही. मी सांगितलं, की भेटी झाल्या नाहीत, पण पैसे घेतले. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तुम्हाला माहीत असेल. आंधळीने स्वतःच्या तोंडाने म्हटलं तर कुणाचा अपमान होत नाही. ते लिहा.”

“इथे दोनच ओळींची जागा आहे.”

“कागदाला मागची बाजू असते.”

 मग कागद उलटल्याचा आवाज आला. त्याने लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि न सांगता वाचून दाखवलं. या वेळी तिच्या शब्दांत होतं, म्हणीसकट. शेवटी तो म्हणाला, “मी हे वर पाठवतो. वर काय होतं ते माझ्या हातात नाही.”

ती बाहेर आली तेव्हा संचालक मॅडम दाराशीच होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी कुरिअर कंपनीतली जागा भरली गेल्याचा निरोप आला. आठवड्याभरात संस्थेचं एक पत्रही आलं. वडिलांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच विरामचिन्हं सोडून दिली. तिची फेरतपासणी करून तिला खालच्या गटात, म्हणजे नोकरी लागणं कठीण अशांच्या गटात, टाकलं होतं. शेरा होता, ‘उमेदवाराकडे सहकार्याचा अभाव, तूर्त रोजगारक्षम नाही.’

“मुकाट चांगलं बोलली असतीस तर,” भाऊ म्हणाला. त्याला तिची काळजी होती, ती त्याला रागावल्याशिवाय दाखवता येत नसे.

“तर सव्वीस आठवडे लोकांची पार्सलं चिकटवली असती, दादा. मग पुढे?”



दोन महिन्यांनी तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्र आणखी तीन वर्षांसाठी पुढे चालू. सगळी मानकं ‘पूर्ण’. शेवटी सुधारणेची एकच सूचना होती. वडिलांनी ती दोनदा वाचली, चुकीचं तर वाचत नाही ना म्हणून: ‘पाठपुराव्याच्या भेटींच्या नोंदी अधिक तपशीलवार ठेवाव्यात.’

“म्हणजे खोटं लिहा, पण सविस्तर लिहा,” ती म्हणाली. त्या दिवशी तिला इतका संताप आला, की तिने घरातले धुतलेले सगळे कपडे विस्कटून परत घड्या घातल्या. वहिनी मुकाट्याने कपडे पुरवत राहिली.

इकडे लाँड्रीत मुकादमबाईंची नोकरी गेली नव्हती. ठेकेदाराला दम्याची का होईना, पण सगळी यंत्रं ओळखणारी बाई हवी होती. घडीच्या टेबलावर दोन नव्या मुली आल्या होत्या. चुणचुणीत होत्या, घड्या झरझर घालायच्या. पण महिन्याभरात वॉर्डांतून चादरी परत यायला लागल्या. फाटक्या, उसवलेल्या. मुकादमबाईंनी कुणाला न सांगता त्यांची वही ठेवली. एके दिवशी शस्त्रक्रियागृहात पेशंटवर घालायचं हिरवं कापड उलगडलं, तर मधोमध चीर. शस्त्रक्रिया अर्धा तास थांबली, आणि मेट्रन स्वतः तळघरात उतरल्या.

“आधी असं होत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“आधी घडीताई होती,” मुकादमबाई म्हणाल्या आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

मेट्रन त्या वहीसकट अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षकांनी ठेकेदाराला बोलावलं. ठेकेदाराने घडीताईच्या घरी फोन केला, आणि तो असा बोलला की जणू ती रजेवर गेली होती. “उद्यापासून ये. या वेळी कुठलीही सवलत नाही मला, पूर्ण पगार माझ्या खिशातून.”

“पगार कुणाच्याही खिशातून येऊ दे,” ती म्हणाली. “मला पत्र हवं. मुदत न लिहिलेलं.”

“कायमचं वगैरे मी कुणालाच लिहून देत नाही.”

“कायमचं नको. रोलरवरच्या बायकांना जे लिहून देता तेच द्या. एक शब्द जास्त नको, एक कमी नको.”

पत्र आलं. वडिलांनी तपासून दोन चुका काढल्या, पण त्या मजकुराच्या नव्हत्या.

कामावर रुजू होऊन नऊ दिवस झाले असतील. दुपारी तिच्या टेबलापाशी ओळखीचा आवाज आला. “ताई, अभिनंदन. आम्हाला फार आनंद झाला.” समन्वयक होता. त्याने तिच्या हातापाशी कागद सरकवला. “एक छोटी सही.”

“कशाची?”

“तुमची नोंदणी आमच्याकडे अजून रद्द झालेली नाही. त्यामुळे ही नोकरी आमच्यामार्फत लागली असं धरता येतं. तुमचं काही जात नाही यात.”

तिने हातातली चादर खाली ठेवली. “पत्रात मला रोजगारक्षम नाही म्हणाला होतात.”

“त्याने उलट चांगलंच झालं. खालच्या गटातल्या उमेदवाराला नोकरी लागली की रक्कम दुप्पट मिळते.”

तो हे सहज बोलून गेला. शेजारच्या बाईच्या हातातली इस्त्री थांबली.  असा निर्लज्जपणा घडीताईने गृहीतही धरला नव्हता.

“नोकरी कशी मिळाली, यासाठी तुमच्या कागदावर कोणकोणते पर्याय आहेत?” तिने विचारलं.

“संस्थेच्या प्रयत्नाने, संस्थेच्या शिफारशीने, संस्थेच्या प्रशिक्षणाने.”

“स्वतः मिळवली, असा आहे?”

“तसा रकाना नाही, ताई.”

“मग घेऊन जा.”

त्याचा आवाज पहिल्यांदाच साखरेवाचून आला. “माझंही पोट आहे. महिन्याला सहा नोकऱ्या दाखवल्या नाहीत तर मलाही उद्या घरी बसवतील. तुम्हाला वाटतं मी मजा मारतो?”

“नाही वाटत,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. “तुमची कीव येते मला. पण तुमचं पोट माझ्या पाठीवर बांधून मी हिंडू शकत नाही. तुम्हाला सहा दाखवा म्हणणाऱ्यांना हे जाऊन सांगा. मी माझ्या बाजूने सांगितलं, गट खाली गेला. तुम्हीही एकदा सांगून बघा.”

तो गेला, पण वर जाऊन त्याने ठेकेदाराची सही घेतली, कारण उमेदवार नकार देत असेल तर मालकाची सही चालते असा नियम होता. तिला ते मुकादमबाईंकडून कळलं. त्याच संध्याकाळी दोघी घडीच्या टेबलावर कागद घेऊन बसल्या. ती सांगत होती, मुकादमबाई लिहीत होत्या. कधी काढलं, कधी परत घेतलं, कुणी बोलावलं, का बोलावलं. शेवटी चोवीस न झालेल्या भेटी आणि आधीच्या तीन नोकऱ्या. सोबत परत आलेल्या चादरींची वही, संस्थेचं ‘रोजगारक्षम नाही’ हे पत्र आणि मेट्रनचं चार ओळींचं निवेदन. पैसे देणाऱ्या खात्याचा पत्ता वडिलांनी शोधला. पाठवण्याआधी त्यांनी सगळं तपासलं आणि ‘साहाय्य’ शब्दापाशी पेन्सिलीने शाबासकीची खूण केली.

सात आठवड्यांनी उत्तर आलं. रविवारची सकाळ होती, भाऊ दाढी करत होता, वहिनी पडदे काढत होती. वडिलांनी पाकीट फोडलं.

“‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने, सदर रोजगारासंबंधीचा संस्थेचा दावा नामंजूर करण्यात आला आहे.’”

“आणि?”

“एवढंच. खाली सही.”

“चोवीस भेटींचं? आधीच्या तीन नोकऱ्यांचं?”

“काही नाही. एकच ओळ.”

भाऊ तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. “अगं, पण जिंकलीस की. एवढ्या मोठ्या खात्याने ऐकलं. आता तरी शांत हो.”

“एक दावा नामंजूर केला, दादा. त्या पॅकरच्या सहा खेपा झाल्या आहेत. त्याच्या रांगेत आणखी पाच जण बसले होते, त्यांच्या किती झाल्या ते कुणी विचारलं नाही. मी कशाची शांत होऊ?”

 वहिनीने पडदे बाजूला ठेवले, हात पदराला पुसले आणि कपाटातून कोरे कागद काढून सासऱ्यांपुढे ठेवले.

वडिलांनी कानावरची पेन्सिल काढली. “सांग. सुरुवात कुठून करायची?”

“मेणबत्त्यांपासून,” ती म्हणाली. “आधीच्या तिन्हींत ते सगळ्यात ताजं आहे. मग मागे मागे जाऊ.”